गणिताचा दुसरा पेपर

मखमलाबादच्या गोजराबाईला कुणी विचारलं, तुमची साधना काय शिकते हो, तर बाई क्षणभर थांबायची, पदर सारखा करायची आणि एकेक अक्षर जपून म्हणायची, "डिफरन्शियल इक्वेशन." दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईच्या तोंडून हा शब्द ऐकून समोरच्याला हसू यायचं. येऊ द्या. तिनं तो चांगला महिनाभर घोकून पाठ केला होता. त्याचा अर्थ विचारला तर मात्र ती फटकन म्हणायची, "मला नका इचारू. मी माळा करणारी बाई."

गोजराबाई म्हणजे लहानू माळ्याची बायको. घर गावात, वेशीच्या आत. मळा बाहेर, ओढ्याच्या अंगाला. मळ्यात झेंडू, शेवंती, कडेकडेनं मेथी-कोथिंबीर. घरात सासरा केरू, थोरली लेक साधना आणि तिच्यानंतर नवससायास करून फार उशिरा झालेला महेश. बाईच्या तोंडाचा पट्टा अखंड चालायचा. फुलबाजारातल्या व्यापाऱ्याला ती चारचौघांत धुऊन काढायची आणि घरी येऊन त्याच्याच सुनेच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू बांधायची. असली बाई.

साधना तिच्या अगदी उलट. मुखदुर्बळ. चार माणसांत तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण गणित समोर आलं की पोरगी वेगळीच दिसायची. दहावीला गणितात पैकीच्या पैकी पडले तेव्हा लहानूनं गावभर पेढे वाटले, आणि ज्यांनी आपल्या पोरी नववीतच घरी बसवल्या होत्या त्यांनीही ते मिटक्या मारत खाल्ले. मग शहरातलं कॉलेज, सायन्स. तिथं तिला गर्गे सर भेटले.

गर्गे सर गणिताचे. राहायला इंदिरानगरात, एकटेच. बायको लवकर गेलेली. माणूस किडकिडीत आणि महाचिडका. पोरं त्यांना टरकून असायची. साधनानं अकरावीत असताना एकदा वर्ग सुटल्यावर त्यांना गाठलं आणि बारावीच्या पुस्तकातली एक शंका विचारली. सरांनी आधी तिला झापलं, की स्वतःचं पुस्तक नीट करा आणि मग पुढच्याच्या उठाठेवी करा. मग शंका ऐकून घेतली. आणि दुसऱ्या दिवशी लुना काढून थेट मळ्यात हजर झाले.

गोजराबाई झेंडू तोडत होती. शहरातले मास्तर बांधावर आले म्हणजे पोरीनं काहीतरी दिवे लावले, अशीच तिची समजूत झाली.

"तुमच्या मुलीनं बारावीचं गणित अकरावीतच उरकलंय," सर म्हणाले. "आता मी तिला पुढचं देणार आहे. डिग्रीच्या मुलांचं. दर रविवारी पाठवा माझ्याकडे."

"मंग बारावीला काय करंल ती? नुसती बसून राहील?" गोजराबाईनं विचारलं.

सर मोठ्यानं हसले. कॉलेजातल्या पोरांना हे सांगितलं असतं तर शपथेवरही खरं वाटलं नसतं.

पण पाठवा म्हणजे काय? एकट्या माणसाच्या घरी वयात आलेली पोर पाठवायची, आणि गाव काय म्हणेल? लहानू म्हणाला, मास्तर देवमाणूस हाय. गोजराबाई म्हणाली, असतील, पण गाव देवमाणूस नाय. शेवटी तोड निघाली ती अशी, की लेकीबरोबर आईनंही जायचं. सुया-दोरा आणि झेंडूची पिशवी घेऊन ती बसमध्ये बसायची, शहरातल्या सीबीएस स्टँडवर उतरायची, तिथून दुसरी बस पकडून इंदिरानगर. सरांच्या बाहेरच्या खोलीत, दाराजवळ फरशीवर फतकल मारून ती माळा ओवायची आणि टेबलाशी त्या दोघांचं चालायचं. डी वाय बाय डी एक्स. सारखं तेच. सुरुवाती-सुरुवातीला तिला वाटायचं, एकच गणित आहे आणि ते काही केल्या सुटत नाही.

एका रविवारी सरांनी साधनाला एक गणित घातलं आणि स्वतः चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन आले तर हिचं झालेलं. सरांनी कागद उचलला, वाचला, परत पहिल्यापासून वाचला. कपबश्या टेबलावर तशाच. गोजराबाई माळ बाजूला ठेवून उठली.

"चुकलं का हो?"

"नाही बाई, बरोबर आहे," सर म्हणाले. "मला असं सुचलं नसतं. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे असं नसतं सुचलं."

परतीच्या बसमध्ये गोजराबाईनं लेकीला धरलंच. हे काय आहे ते मला आज कळलंच पाहिजे, म्हणाली. साधनानं थोडा विचार केला. मग म्हणाली, "आई, आपली विहीर उपसली की पाणी कसं चढतं?"

"आधी भराभरा. मंग जसजशी भरत आली, तसतसं सावकाश."

"का?"

"आता का म्हंजे? रिकामी असती तवा झरे जोरात येत्यात."

"तेच. पाणी किती वेगानं वाढतं ते पाणी किती कमी आहे त्यावर ठरतं. एवढंच माहीत असलं ना, तर कुठल्याही वेळेला पाणी कुठवर आलं असेल ते न बघता सांगता येतं. घरात बसून. ते शोधायचं."

"त्यापरीस विहिरीत डोकावावं," गोजराबाई म्हणाली. साधना खिडकीकडे तोंड करून इतकी हसली की कंडक्टरनं वळून पाहिलं. लेक अशी खळखळून हसते हे आईला त्या दिवशी नव्यानं कळलं. त्यानंतर ती रविवारची वाट पाहायला लागली. मळ्यातली कामं तुंबली तरी रविवार चुकवायची नाही. सरांनी मनात सगळं मांडून ठेवलं होतं: बारावी झाली की इथंच बी.एस्सी., मग पुण्याला. "ही शिकवणारी होईल," ते म्हणायचे, "माझ्यासारख्यांना शिकवणारी." गोजराबाई ते ऐकायची आणि हौदावर धुणं धुताना बायकांना जसंच्या तसं ऐकवायची. वर थोडं आपल्या पदरचं घालायची.

बारावीचे वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या चैत्रात, अक्षय्यतृतीया तोंडावर असताना म्हातारा केरू गेला. पिकलं पान होतं, झोपेतच गेला. दहावं-तेरावं झालं आणि लहानूचे चुलते झिपरूतात्या ओट्यावर येऊन बसले. केरूच्या मागं भाऊकीत वडीलधारे तेच. त्यांनी पानाला चुना लावत विषय काढला. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत घरात लग्नकार्य व्हावं. वर्ष उलटलं की तीन वर्षं करता येत नाही. आता पोर लग्नाची. तीन वर्षं थांबवलीत तर तोवर चांगली स्थळं हातची जातील.

हा रिवाज गावात कुणी मोडलेला नव्हता. गोजराबाईला आणि लहानूला तो मोडता येतो हेच ठाऊक नव्हतं. ते भांडले ते दुसऱ्याच गोष्टीवरून. लहानू म्हणाला, वर्षाच्या आत तर आत, पण बारावीचा शेवटचा पेपर झाल्याशिवाय नाही, आणि पुढं शिकू देणारं घर पाहिजे. तात्या कुरकुरले, पण कबूल झाले. लहानूनं तात्यांपुढं मान वर केली ती आयुष्यात पहिल्यांदाच.

स्थळ आलं सायखेड्याचं. मुलगा दीपक, घरची टमाट्याची शेती, स्वभावानं गरीब. त्याची आई लंकाबाई म्हणाली, "शिकंल तर शिकू द्या की. आमच्या घरात कुणी शिकलेलं नाय, एक तरी होईल." ह्या बाईनं ते मनापासून म्हटलं होतं, हे मुद्दाम सांगतो, उगाच तिला वाईट ठरवायला नको. साधनाला विचारलं तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, की पेपर सगळे होतील ना. लहानू म्हणाला, "सगळे. मी सोता पोचवीन." चैत्रात मुहूर्त नसतात आणि त्यापुढं वर्ष भरत होतं, म्हणून फाल्गुनातला अगदी शेवटचा मुहूर्त धरला. सत्याण्णव साल. शेवटच्या पेपरानंतर मोकळे आठ-दहा दिवस मिळत होते.

आणि मग गणिताच्या दुसऱ्या पेपराच्या दिवशी बंद आला. पेपर पुढं ढकलला. नवी तारीख आली ती नेमकी लग्नाच्या आदल्या दिवसाची.

काय करायचं? गुरुजींनी पंचांग उलटसुलट केलं. दुसरा मुहूर्त नाही. पत्रिका वाटून झालेल्या. सगळे डोकी धरून बसले असताना वाट काढली ती गोजराबाईनं. पेपर दुपारी दोनला सुटतो. हळद सकाळऐवजी संध्याकाळी लावू. सकाळी पोर पेपर देऊन येईल, संध्याकाळी हळदीला बसेल, दुसऱ्या दिवशी लग्न. झिपरूतात्यांनी मान हलवली. "हळदीच्या आधी कुठंबी जाऊ दे. पण एकदा का हळद लागली, की वेशीबाहेर पाऊल नाय." ते गोजराबाईलाही मान्यच होतं. हळद लागलेल्या नवरीनं वेस ओलांडायची नसते, तिच्यावर कसली कसली नजर असते, हे तिला आईनं सांगितलेलं, आईला तिच्या आईनं. सायखेड्याला निरोप गेला: उष्टी हळद संध्याकाळी आणा. त्या मुलखात आधी नवऱ्या मुलाला हळद लागते आणि त्यातली उरलेली नवरीकडे येते.

पेपराच्या दिवशी सकाळी मांडवात धावपळ चाललेली. लहानू फुलं घेऊन बाजारात गेला होता. लग्न असलं म्हणून तोडलेली फुलं थांबत नाहीत. तो साडेनऊला मोटारसायकल घेऊन येणार आणि लेकीला पोचवणार. साधना न्हाऊन, पंजाबी ड्रेस घालून, हॉल तिकीट पिशवीत ठेवून तयार. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. गोजराबाईनं ओळखलं, सूत्रं.

आणि मांडवासमोर सायखेड्याची जीप उभी राहिली.

हळद घेऊन बायका आल्या होत्या. पुढं नवसाबाई, दीपकची चुलती. झालं असं, की तिकडच्या गुरुजींनी मुलाची हळद पहाटेच उरकली आणि जीप दुपारी पाहुणे आणायला नांदगावला जायची होती. संध्याकाळी गाडी नाही, म्हणून ह्या आत्ताच आल्या. निरोपाचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं, किंवा एवढं महत्त्वाचं असेल असं वाटलं नव्हतं.

"मुहूर्ताचं एक बोट लावून घ्या," नवसाबाई म्हणाली. "बाकीची तुमची तुमी सांजच्याला लावा. आमाला लगेच निघायचंय."

गोजराबाई गडबडली. दारात आलेली हळद परत पाठवायची नसते. आणि त्यात सुतकाचं वर्ष. परत पाठवली आणि काही बरंवाईट झालं तर जन्मभर लोक तेच काढतील. लहानूची थोरली बहीण रंगूबाई तिच्या कानाशी लागली, "वहिनी, लाव एक बोट. एका बोटानं काय व्हतंय. पुसून टाक पदरानं आन जाऊ दे पोरीला." गोजराबाईला ते एकदम पटलं. हळदीचा मान राहील, पेपरही होईल. दोन्ही साधतील. बाई हुशारच होती, काय सांगावं. हुशारीच नडली.

साधनाला पाटावर बसवलं. ती घड्याळाकडे पाहत होती. "आई, उशीर नाही ना होणार?" एवढंच म्हणाली. गोजराबाईनं वाटीत बोट बुडवलं आणि लेकीच्या कपाळाला लावलं. जेवढं लागेल तेवढं कमी लावलं.

पण बायकांचं काय. हळदीची वाटी दिसली की त्या गाणं धरणारच. नवसाबाईनं गाणं धरलं, रंगूबाईनं ओढलं, आणि ते ऐकून पलीकडच्या घरातून झिपरूतात्या काठी टेकत आले.

"लागली का हळद? बरं झालं. घरात न्या तिला आता."

"तात्या, तिचा पेपर हाय," गोजराबाई म्हणाली. "एक बोट लावलंय नुसतं."

"बोट काय आन वाटी काय. हळद ती हळद."

तेवढ्यात लहानूची गाडी आली. त्यानं लेकीचं कपाळ पाहिलं आणि तो मांडवातच उभा राहिला. मग तात्यांशी बोलायला लागला, आधी हळू, मग चढ्या आवाजात. तीन तासांचा पेपर आहे, मी सोडीन, मी दारात बसून राहीन, मीच आणीन. तात्या ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "केरूदादाला जाऊन अजून वर्ष नाय झालं. तुज्या मावसबहिणीची, चिमणाबाईची लेक इसरला का? हळदीच्या अंगानं ओढ्यापल्याड गेली. परत आली का ती?"

ती परत आली नव्हती, हे खरं होतं. ओढ्याला पूर होता आणि पोर वाहून गेली. आता पुरात कुणीही वाहून जातं, हळद असो वा नसो. पण हे त्या मांडवात कुणी म्हणालं नाही. रंगूबाईसुद्धा, जिनं एका बोटानं काय होतंय म्हटलं होतं, ती आता तोंडाला पदर लावून गप्प.

लहानूनं बायकोकडे वळून पाहिलं. "तू सांग," तो म्हणाला. "तू आई हाय. तू जा म्हण, मी आत्ता गाडी काढतो. मंग कोण काय म्हणतं ते माझं मी बघीन."

एवढी बोलणारी बाई. फुलबाजार दणाणून सोडणारी. तिच्या डोळ्यांपुढं पेठ रोडचं वळण आलं, भरधाव ट्रक आले, लहानूची ती जुनी मोटारसायकल आणि मागं बसलेली, कपाळाला हळद लागलेली पोर. तिनं लेकीकडे पाहिलं. साधना पाटावरून उठली होती, पिशवी खांद्याला होती, आणि ती आईच्या तोंडाकडे बघत होती. नुसती बघत होती.

"राहू द्या," गोजराबाई म्हणाली. "ऑक्टोबरला दील."

लहानूनं गाडीची किल्ली खिशात घातली.

साधना रडली नाही, भांडली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आई, पुसून टाकली तर?"

"पुसून जात नसती ती, बाळा."

सर त्या दिवशी परीक्षेच्या केंद्राबाहेर उभे होते. साधना आली नाही, म्हणून संध्याकाळी ते लुना घेऊन गावात आले. मांडव पाहिला, आत कोपऱ्यात हिरव्या चुड्यात बसलेली साधना पाहिली. आता तिला संध्याकाळची हळदही लागली होती, हातापायांना, गालांना. गोजराबाईला वाटलं, हा चिडका माणूस आता आपल्याला सगळ्यांसमोर फाडून खाणार. तिला ते हवंच होतं. पण सर चप्पल काढून आत आले, साधनाच्या समोर सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "पेपर सोपा होता गं. तुला हसू आलं असतं." बस. गोजराबाईनं दिलेला चहा त्यांनी सगळा संपवला, आणि उद्याच्या लग्नाला येणार नाही हे न सांगता गेले.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. चांगलं झालं. जेवणाची तर सगळ्यांनी तारीफ केली.

निकालात गणितापुढं गैरहजर लागलं. ऑक्टोबरचा अर्ज लहानूनं भरून ठेवला होता, पण ऑक्टोबरात सायखेड्याला टमाट्याचे तोडे जोरात आणि साधनाला दिवस गेलेले. उलट्यांनी पोर अर्धी झालेली. लंकाबाईच म्हणाली, आता जीव सांभाळ, मार्चला दे. मार्चला दिवस भरत आले होते, पुढच्या ऑक्टोबरला हर्षाली मांडीवर होती. मग दीपकचे वडील आजारी पडले. मग द्राक्षं लावली. कुणी तिला बस म्हणालं नाही आणि कुणी नको बसू असंही म्हणालं नाही. परीक्षेची गोष्ट बोलण्यातूनच निघून गेली. दीपक चांगला होता, बायकोला कधी उणं बोलला नाही. सासू पोरीसारखं वागवायची. म्हणजे रागावायचं तरी कुणावर, सांगा.

गोजराबाई रागवायची ती स्वतःवर. तिचं बोलणं कमी झालं, हे गावात सगळ्यांनी पाहिलं. बाजारात व्यापाऱ्यानं कमी भाव दिला तरी ती गप्प घ्यायची. कधी कधी माळ ओवताना तिची सुई थांबायची आणि ती मोठ्यानं म्हणायची, "जा म्हणायचं होतं." शेजारी बसलेल्या लहानूला कळायचं. तो तिला कधीच काही बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं.

एका गोष्टीचा तिला आधार होता. पेपर गेला, कॉलेज गेलं, पुणं गेलं, सगळं खरं. पण विद्या पोरीच्या डोक्यात आहे. ती काय दागिना आहे, कुणी काढून न्यायला? टमाटे तोडते, भाकऱ्या थापते, पण आत सगळं जिथल्या तिथं असणार. हौदावर कुणी हळहळलं की ती हेच ऐकवायची. गर्गे सर वारल्याचं कळलं त्या दिवशीसुद्धा रडून झाल्यावर ती म्हणाली, "सरांनी जे दिलं ते माझ्या लेकीपाशी हाय." आणि तिचा त्यावर पक्का विश्वास होता.

महेश बारावीला गेला तोवर दोन हजार चार उजाडलं होतं. तोही सायन्सला. पोरगा बरा होता, पण बहिणीची सर नव्हती. दिवाळीत भाऊबीजेला साधना माहेरी आली. आता ती अंगानं भरली होती, हातांना टमाट्याच्या पाल्याचा हिरवट काळा रंग बसला होता. हर्षाली अंगणात खेळत होती. महेश ओट्यावर क्लासची वही घेऊन डोकं खाजवत बसला होता.

"काय अडलंय रे?" गोजराबाईनं विचारलं.

"तुला काय कळणार. डिफरन्शियल इक्वेशन."

गोजराबाईचा चेहरा असा उजळला की विचारू नका. कित्येक वर्षांत ती अशी दिसली नव्हती. "मंग मला काय सांगतो? ताईला इचार. तिला ते अकरावीत येत व्हतं. अगं साधना, ये इकडं, ह्याला जरा दाखव."

साधना पदराला हात पुसत आली, महेशच्या शेजारी बसली, वही मांडीवर घेतली. तिनं गणित वाचलं. पेन हातात घेतला. गोजराबाई समोर बसून बघत राहिली.

साधनानं एक ओळ लिहिली. खोडली. "ह्याला दोन्ही बाजूंना कशानं तरी गुणायचं असतं," ती म्हणाली. "त्यानं गुणलं की मग सोपं होतं."

"कशानं?" महेशनं विचारलं.

तिनं गणित परत वाचलं. पेन कागदावर टेकवला, उचलला. मागची पानं उलटली, महेशनं सोडवलेली सोपी गणितं पाहिली, तिथंही तिची नजर अडखळली. महेश म्हणाला, "राहू दे ताई, मी उद्या क्लासला विचारतो." त्यानं ते साधेपणानंच म्हटलं. वही घेतली आणि मित्राकडे निघून गेला.

ओट्यावर मायलेकी दोघीच राहिल्या. लंकाबाईवर रागावता आलं नव्हतं, तात्यांवर गावानं रागावू दिलं नव्हतं. आता तर जे राखून ठेवलंय असं वाटत होतं तेही गेलं होतं, आणि ते कधी गेलं हे कुणाला कळलंही नव्हतं.

"आई," साधना म्हणाली. ती आईकडे बघत नव्हती. "मला खरंच यायचं का गं हे?"

"यायचं. सगळं यायचं."

"कुणाच्या लग्नाला वगैरे गेले की वाटतं, लोक उगीच म्हणतात, ही हुशार होती. मला आठवतच नाही. सरही गेले. आता तूच होतीस तिथं."

"मी होते ना. मी डोळ्यांनी पाह्यलंय."

"मग सांग ना, कसं करायचे मी?"

गोजराबाईनं सांगायला सुरुवात केली. तू पेनाचं टोपण दातांत धरायचीस, म्हणाली. डावा पाय सारखा हलवायचीस. लिहायला लागलीस की हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. झालं की पेन खाली ठेवून दोन्ही हात गालांना लावायचीस. साधना एकेक गोष्ट मन लावून ऐकत होती, मान हलवत होती, आणि मग पुढं काय म्हणून वाट बघत होती. कागदावर काय लिहायचीस, तेवढं मात्र गोजराबाईला सांगता येईना.